टीव्हीवर 'संरक्षण तज्ज्ञ' म्हणून बसायचंय? मग हे वाचा

फेब्रुवारी २०१९, पुलवामाचा आठवडा. मुंबईच्या एका वाहिनीचा फोन आला, "सर, आठ वाजता पाच मिनिटं द्याल का?" पाचाची पन्नास झाली. सुरुवातीलाच निवेदिकेनं ओळख करून दिली, "आपल्यासोबत थेट सीमाभागातून जोडले गेले आहेत…" सीमाभाग म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटकाचा, हे बेळगावकराला सांगायला नको. पण पुण्याच्या मेव्हण्यानं घाबरून फोन केला, "भावोजी, तुम्ही परत काश्मिरात कधी गेलात?" मी गणेशपुरात, माझ्याच घरात, वर शर्ट आणि खाली लुंगी नेसून बसलो होतो.

तेव्हापासून कोर्समेट (प्रशिक्षणातले सोबती) आणि निवृत्त सुभेदार मंडळी विचारतात, हे कसं जमवायचं? म्हणून लिहितोय.

आधी पडद्यावरची नावाची पट्टी. रँक निवृत्त होत नाही, माणूस होतो. म्हणून 'निवृत्त कर्नल अमुक' नव्हे, 'कर्नल अमुक (निवृत्त)'. हे देवनागरीत टाइप करून आदल्या दिवशीच पाठवा, नाहीतर तुमचा ब्रिगेडियर होतो आणि दुसऱ्या दिवशी खरा ब्रिगेडियर फोन करतो. मी 'संरक्षण तज्ज्ञ' लावू देत नाही, 'माजी पायदळ अधिकारी' लिहा म्हणतो. चोवीस वर्षं पलटणीत काढली, राफेल मी लांबूनच पाहिलंय. विमानवाहू नौकेबद्दल विचारलं तर सरळ सांगा, हे नौदलवाल्याला विचारा. निवेदकाचा चेहरा पडतो, पडू द्या.

आता खरी गोष्ट, काय बोलायचं नाही. २६/११ ला नरिमन हाऊसच्या गच्चीवर एनएसजीचे (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे) कमांडो हेलिकॉप्टरमधून उतरताना देशानं थेट बघितले, आणि कराचीत बसून अतिरेक्यांना फोनवर सूचना देणाऱ्यांनीही. २०१२ मध्ये कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांना यावरून चांगलंच सुनावलं. आता केबल टीव्हीच्या नियमांतच आहे की दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नको. कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी अधूनमधून जी माहिती देईल तेवढीच दाखवायची. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं याची पुन्हा आठवण करून दिली. नियम वाहिनीला आहे, पण स्टुडिओत "आता आपली पोरं कुठून घुसतील?" हे तुम्हालाच विचारतात. उत्तर एकच, कारवाई संपल्यावर बोलू.

आणि प्रेक्षक कोण, ते विसरू नका. बेळगाव, खानापूर, पलीकडे चंदगड. इकडच्या गावांत कुणाचा ना कुणाचा पोरगा मराठा लाइट इन्फंट्रीत असतोच. टीव्हीवर कुणी 'मराठा बटालियनचे काही जवान जखमी' एवढं पुटपुटलं तरी पाच गावांत त्या रात्री चूल पेटत नाही. म्हणून पलटणीचं नाव, ठिकाण, आकडा यांतलं काहीही लष्करानं जाहीर केल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही. जुन्या पलटणीतल्या कुणी फोनवर सांगितलेलं तर मुळीच नाही. तो तुमच्यावर विश्वासून बोललेला असतो, वर सरकारी गुपितं फोडण्याविरुद्धचा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट आहेच, १९२३ चा असला तरी दात शाबूत असलेला.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू असताना एका रात्री अनेक वाहिन्यांवर, आणि फक्त वाहिन्यांवरच, कराची बंदर उद्ध्वस्त झालं होतं. मला विचारलं, "कराची बेचिराख, काय सांगाल?" मी म्हणालो, "अधिकृत निवेदन आलंय का?" पुढच्या ब्रेकनंतर माझी चौकट पडद्यावरून गायब. त्या वाहिनीनं नंतर दोन महिने बोलावलं नाही.

मग बोलायचं तरी काय? समजावून सांगायचं, बस. लोकांच्या डोक्यात एलओसी (नियंत्रण रेषा) आणि एलएसी (प्रत्यक्ष नियंत्रण रेषा) यांची खिचडी असते. मी बांधाचं उदाहरण देतो, गावाकडं लगेच कळतं. पंजाब-राजस्थानातली आंतरराष्ट्रीय सीमा म्हणजे मोजणी होऊन दगड रोवलेला बांध. एलओसी म्हणजे वाद मिटलेला नाही, पण १९७२ च्या सिमला करारानंतर भारत-पाकिस्तान दोघांनी मिळून नकाशावर मारलेली रेघ. आणि चीनकडची एलएसी म्हणजे दोन्ही भाऊ आपापल्या मनातल्या बांधावर उभे, त्यात गस्तीला निघाले की समोरासमोर येणारच. एवढं चाळीस सेकंदांत बसतं. त्यापुढं तुम्हाला कुणी बोलू देत नाही.

एक खड्डा खास आपल्याकडचा. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक वाद तापला तेव्हा फोन आला, "सर, तुम्ही तिथंच आहात, सुरक्षेच्या दृष्टीनं सांगा." नाही म्हणालो. त्या सीमेबद्दल मला मत नाही असं नाही, कट्ट्यावर या, तासभर ऐकवतो. पण नावामागच्या रँकच्या जोरावर ते मांडणं मला पटत नाही.

बाकी किरकोळ. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवा, म्हणजे कॅमेरा डोळ्यांसमोर येतो. इयरफोन तारेचा. राउटर इन्व्हर्टरवर, वळिवात वीज कधी जाईल नेम नाही. घरी सांगून ठेवा, आठ ते नऊ कुकर लावायचा नाही. वर्दी किंवा पदकं अंगावर नकोत, साधा शर्ट पुरे. मानधन आधी व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. माझ्या पहिल्या तीन चर्चांचे पैसे अजून 'अकाउंट्सकडे' आहेत.

आणि एक वही ठेवा. काय अंदाज सांगितला, कुठल्या तारखेला, पुढं काय झालं. गेल्या वर्षीच्या पानावर माझे सात अंदाज आहेत, त्यांतले चार साफ चुकले. ती वही सौभाग्यवती पाहुण्यांना चहाबरोबर दाखवते.