फ्रान्समधील घरी जलतरण तलाव : खोदकामाआधीची परवानगी

फ्रान्समध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या किंवा तिथे सुटीचे घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला अंगणात स्विमिंग पूल बांधायचा असेल, तर पहिली फेरी ठेकेदाराकडे नव्हे, तर गावच्या नगरपालिकेच्या कार्यालयात, म्हणजे ‘मेरी’मध्ये मारावी. परवानगी तिथेच मिळते आणि नियमभंग झाल्यास जबाबदारी ठेकेदाराइतकीच, बहुतेक वेळा त्याहून अधिक, घरमालकावर येते. ‘आमच्या मापाला परवानगी लागत नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य लेखी तपासल्याशिवाय मान्य करू नये.

मूळ नियम क्षेत्रफळावर आधारलेला आहे. तलावाच्या पाण्याचा पृष्ठभाग १० चौरस मीटरपर्यंत असेल, तर सर्वसाधारण भागात कोणतीही पूर्वसूचना द्यावी लागत नाही. १० ते १०० चौरस मीटरच्या तलावासाठी ‘देक्लारासिओं प्रेआलाब्ल’ म्हणजे पूर्वघोषणेचा अर्ज करावा लागतो. मात्र तलाव उघडा असला पाहिजे किंवा त्यावरचे आच्छादन १.८० मीटरपेक्षा कमी उंचीचे असले पाहिजे. क्षेत्रफळ १०० चौरस मीटरच्या पुढे गेले किंवा आच्छादन १.८० मीटर वा त्याहून उंच असले, की पूर्ण बांधकाम परवाना, म्हणजे ‘पेर्मी द कोंस्त्रुईर’, आवश्यक ठरतो. आठ बाय चार मीटरचा घरगुती तलाव ३२ चौरस मीटरचा होतो, त्यामुळे बहुतेकांना पूर्वघोषणाच पुरते. वर्षातून तीन महिन्यांपेक्षा कमी काळ उभारलेला तात्पुरता तलाव सर्वसाधारण भागात या नियमातून सुटतो. ऐतिहासिक वास्तूच्या परिसरात किंवा संरक्षित निसर्गस्थळी मात्र या सवलती गृहीत धरू नयेत, कारण तिथे छोट्या तलावालाही अर्ज लागू शकतो.

खरा निर्णय क्षेत्रफळावर नव्हे, तर जागेवर होतो. प्रत्येक गावाची स्थानिक नगररचना योजना, म्हणजे ‘पीएलयू’, जमिनीचे विभाग पाडते आणि प्रत्येक विभागात काय बांधता येईल हे ठरवते. शेती आणि निसर्ग विभागांत तलाव मुळीच चालत नाही, किंवा घरापासून ठरावीक अंतराच्या आतच चालतो, अशी तरतूद असू शकते. शेजाऱ्याच्या हद्दीपासूनचे अंतरही याच योजनेत पाहावे; एका गावाचा आकडा दुसऱ्या गावाला लागू पडत नाही, म्हणून परिचितांच्या अनुभवावर विसंबू नये. पूरप्रवण क्षेत्राचे निर्बंध आणि वसाहतीचे स्वतःचे नियम असतील तर तेही मेरीतील त्याच भेटीत विचारून घ्यावेत. घर अजून विकत घेतलेले नसेल, तर ही चौकशी खरेदीच्या करारावर सही करण्याआधीच करावी, असा माझा आग्रह आहे.

अर्ज परत येण्याचे नेहमीचे कारण नकाशे असते, म्हणून इथे वेळ आणि पैसा दोन्ही खर्च करावेत. गावाच्या नकाशावर भूखंड कुठे आहे हे दाखवणारा स्थाननकाशा, भूखंडाचा मापांसह आराखडा, जमिनीचा छेद (उभा काप दाखवणारे रेखाचित्र), तलाव झाल्यावर परिसर कसा दिसेल याचे चित्र आणि जवळून व दुरून काढलेली छायाचित्रे, असा साधारण संच असतो. भूखंडाच्या आराखड्यात तलावाच्या प्रत्येक कडेपासून जवळच्या हद्दीपर्यंतचे अंतर मीटरमध्ये लिहावे, पंप आणि फिल्टरची खोली दाखवावी आणि फिल्टर धुतल्यावरचे पाणी कुठे जाणार हेही नोंदवावे. छेदात खोदकामाआधीची आणि नंतरची जमिनीची पातळी वेगवेगळ्या रेषांनी दाखवावी. उताराच्या जागेवर हीच रेषा तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे लक्ष प्रथम वेधून घेते. काठाच्या फरशीचा आणि आतील अस्तराचा रंगही लिहावा, कारण संरक्षित भागात त्यावरही आक्षेप घेतला जातो.

अर्ज खिडकीवर देऊन पोच घ्यावी, पोचपावतीसह रजिस्टर्ड टपालाने पाठवावा किंवा ऑनलाइन भरावा. पूर्वघोषणेसाठी एक महिना आणि घरगुती बांधकाम परवान्यासाठी दोन महिने, ही मूळ मुदत असून ती पूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते. संरक्षित वास्तूच्या परिसरात ती वाढते. कागद अपुरे असल्यास नगरपालिका पहिल्या महिन्यात कळवते आणि ते देण्यासाठी तीन महिने मिळतात. पूर्वघोषणेला मुदतीत उत्तर न आल्यास सामान्यतः संमती मानली जाते, परंतु मौनावर खोदकाम सुरू करण्याऐवजी हरकत नसल्याचा दाखला मागून घ्यावा.

संमती मिळाल्यावर रस्त्यावरून वाचता येईल असा, प्रत्येक बाजू ८० सेंटिमीटरपेक्षा मोठी असलेला फलक भूखंडावर लावावा लागतो. शेजाऱ्यांना हरकत घेण्यासाठी असलेली दोन महिन्यांची मुदत हा फलक लागल्याच्या दिवसापासून सलग मोजली जाते, म्हणून फलकाची तारीखवार छायाचित्रे जपून ठेवावीत. संमती तीन वर्षे टिकते. काम पूर्ण झाल्यावर तसे नगरपालिकेला कळवावे.

तलावावर बांधकाम कर लागतो आणि अनेकांच्या अंदाजपत्रकात तो नसतो. २०२५ मध्ये त्यासाठी प्रति चौरस मीटर २६२ युरो हे मूल्य धरले गेले. वरील ३२ चौरस मीटरच्या तलावाला गावाचा दर ५ टक्के आणि जिल्ह्याचा २.५ टक्के असल्यास त्या मूल्याने कर सुमारे ६३० युरो होतो. काम संपल्यापासून ९० दिवसांत करखात्याच्या संकेतस्थळावर नोंदही करावी लागते. न कळवता भागेल असे समजू नये : हवाई छायाचित्रांचे संगणकीय विश्लेषण करून २०२२ पर्यंत केवळ नऊ जिल्ह्यांत वीस हजारांहून अधिक अघोषित तलाव शोधले गेले.

जमिनीत पूर्ण किंवा अंशतः बसवलेल्या तलावाला जानेवारी २००३ च्या कायद्यानुसार कुंपण, गजर, आच्छादन किंवा छप्पर यांपैकी किमान एक सुरक्षा साधन अनिवार्य आहे आणि उल्लंघनास ४५,००० युरोपर्यंत दंड आहे. घरात लहान मुले येणार असतील, तर केवळ गजरावर न थांबता कुलूपबंद फाटकाचे कुंपण घ्यावे. हे साधन तलावात पाणी भरण्याआधीच बसवावे, आणि पाणी भरण्याचा दिवस ठरवताना जिल्ह्यातील पाणीबंदी सरकारच्या ‘व्हिजिओ’ संकेतस्थळावर पाहावी, कारण उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समध्ये तलाव भरण्यावर वारंवार बंदी येते.