थरांच्या मातीत पाणी मुरवताय? या चुका टाळा

पहिली चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो. "तळाला खडी घाला, निचरा चांगला होतो" हे प्रत्येकाने ऐकलेलं असतं. मीही वाफा हातभर खणला, तळाला वीतभर खडी घातली, वर बारीक पोयटा भरला. रोज बेताचं पाणी. महिन्याभरात रोपं पिवळी. उकरून बघतो तर खडीला टेकलेली माती चिखल झालेली आणि खाली खडी कोरडी ठणठणीत! तिच्यावरची धूळसुद्धा धुतली गेली नव्हती.

बारीक मातीची छिद्रं पाणी ओढून धरतात. ०.१ मिमी व्यासाच्या नळीत पाणी सुमारे ३० सेंमी चढतं, १ मिमीच्या नळीत जेमतेम ३ सेंमी. खडीतल्या पोकळ्या त्याहून मोठ्या, त्यांना ओढच नाही. म्हणून वरची माती तुडुंब होईपर्यंत पाणी खाली उतरत नाही. खडीने मी चिखल फक्त मुळांजवळ आणून ठेवला होता. शेवटी ती उपसली आणि तळापर्यंत एकच माती भरली. मध्ये जाळी टाकली तर, असं विचारू नका. जाळी माती अडवते, पाण्याची ओढ बदलत नाही.

दुसरी चूक हिशोबातली: थरांतून पाणी मुरण्याच्या वेगांची सरळ सरासरी काढणं. ९० सेंमी वाळू, ताशी १० सेंमी. खाली १० सेंमी चिकणमाती, ताशी ०.०१. घाईतला माणूस सरासरी ९ सांगून मोकळा होतो. उभ्या प्रवाहात प्रत्येक थराची जाडी भागिले त्याचा वेग अशी बेरीज करायची: ९ अधिक १०००. एकूण १०० सेंमीला तिने भागलं की ताशी जेमतेम ०.१ उरतात. ती ९ आडव्या प्रवाहाला लागू पडते, आणि पाणी खरंच आडवं पळतं. म्हणून चिकणमातीवर अडलेलं पाणी उताराला भलतीकडेच पाझरताना दिसतं.

बाकीच्या किरकोळ. कोरड्या मातीत पहिल्या दहा मिनिटांचा वेग धरू नका, तो फसवा असतो. मी आकडा स्थिर होईपर्यंत बसून राहतो. हा वेग मोजायला खणलेल्या खड्ड्याच्या भिंती फावड्याने लिंपल्या गेल्या असतील तर आधी खरवडा. चिकणमातीत मूठभर वाळू मिसळणं म्हणजे निव्वळ कष्ट. आणि नांगराखालचा कडक थर शोधायला यंत्र कशाला? माती ओली असताना लोखंडी सळई दाबत जा. सहज जाणारी सळई एकदम अडली की खोली मोजून घ्या.