इंग्रजी शब्दखेळांत हव्या त्या अक्षराचा शब्द कसा शोधावा

अक्षरांच्या सोंगट्यांनी शब्द जुळवण्याच्या स्क्रॅबल या खेळात पटावर ‘के’ हे अक्षर खपवायचे असले, की आपल्यापैकी बहुतेक जण मनातल्या मनात ‘क’ने सुरू होणारे शब्द उच्चारू लागतात आणि तिथेच अडकतात. मराठीत जसे बोलावे जवळजवळ तसेच लिहिले जात असल्यामुळे अक्षर कानाने शोधण्याची सवय आपल्याला शाळेपासून लागलेली असते. इंग्रजीत मात्र ‘क’चा उच्चार के, सी, क्यू किंवा सी-एच यांपैकी कशानेही होतो, आणि ‘नाइफ’सारख्या शब्दात ‘के’ आरंभी असूनही ऐकू येत नाही. ‘फ’ ऐकला की आपण ‘एफ’ शोधतो आणि ‘लाफ’मधले जी-एच विसरतो, ‘झ’ ऐकला की ‘झेड’ शोधतो, पण ‘रोझ’ या फुलात असतो तो ‘एस’. त्यामुळे पहिली सूचना अशी, की शब्द बोलून न पाहता लिहून पाहावा. या लेखातील उदाहरणेही शेजारी कागद घेऊन रोमन लिपीत मांडावीत.

शोधाला लागण्यापूर्वी आपल्यापुढचा प्रश्न कोणता आहे, हे ठरवून घ्यावे. हातातील अक्षरे जुळवून शब्द करायचा आहे, की एखादे अक्षर ठरावीक घरात बसवायचे आहे, की ते शब्दात कुठेही असले तरी चालणार आहे, यावर पद्धत बदलते.

अक्षरे जुळवायची असतील, तर ती सरळ रेषेत न लिहिता वर्तुळात लिहावीत, कारण रेषेतला क्रम डोळ्यांत ठसतो आणि नवी जुळणी सुचू देत नाही. ‘आय-एन-जी’, ‘ई-आर’, ‘ई-डी’ किंवा नुसता ‘एस’ यांसारखे शेवट बाजूला काढून उरलेल्या अक्षरांकडे पाहावे. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरे हाती आली तर ‘रिटेन्स’, ‘रेटिनाज’ आणि ‘नॅस्टियर’ असे तीन शब्द तरी सहज निघतात. सातही अक्षरे एकाच खेळीत लावल्याबद्दल स्क्रॅबलमध्ये ५० गुण जादा मिळतात.

अवघड अक्षरांच्या बाबतीत त्यांच्या सवयी ओळखणे अधिक उपयोगी पडते. ‘क्यू’ आणि ‘झेड’ यांना प्रत्येकी १० गुण आहेत, ‘जे’ आणि ‘एक्स’ यांना ८. ‘क्यू’मागोमाग बहुधा ‘यू’ येतो. तो हाती नसेल तर क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द आठवावा, किंवा अरबीच्या वाटेने इंग्रजीत आलेले ‘फकीर’ आणि ‘बुरखा’ हे शब्द, ज्यांत ‘क्यू’ असतो पण ‘यू’ त्याच्या मागे येत नाही. ‘जे’ अस्सल इंग्रजी शब्दाच्या शेवटी सहसा येत नाही, पण ‘राज’, ‘ताज’ आणि ‘स्वराज’ हे शब्द इंग्रजी कोशांत रुजलेले असल्यामुळे इथे आपले पारडे जड आहे. ‘व्ही’ने संपणारे शब्दही विरळाच, त्यामुळे ‘गिव्ह’, ‘लव्ह’ यांच्याप्रमाणे त्यापुढे ‘ई’ची तजवीज ठेवावी. ‘एक्स’ मात्र शेवटी सुखाने बसतो, आणि ए, ई, ओ यांच्यापैकी कोणाच्याही मागे तो लावला की दोन अक्षरी शब्द तयार होतो. ‘झेड’ जोडीने यावा असे वाटते, ‘जॅझ’ आणि ‘पिझ्झा’ लगेच आठवतात, पण १०० सोंगट्यांच्या इंग्रजी संचात ‘झेड’ एकच असल्यामुळे दुसऱ्यासाठी कोणत्याही अक्षराऐवजी चालणारी कोरी सोंगटी खर्च करावी लागते.

अक्षराचे घर ठरलेले असेल, तर छापील कोशाचा फारसा उपयोग होत नाही, कारण तो पहिल्या अक्षरावर लावलेला असतो. अशा वेळी खुणांनी शोध घेऊ देणारा संगणकीय कोश वापरावा. त्यांपैकी अनेकांत प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतेही एक अक्षर आणि तारका म्हणजे कितीही अक्षरे, असा संकेत असतो. दोन प्रश्नचिन्हे, मग ‘व्ही’, मग पुन्हा दोन प्रश्नचिन्हे असे लिहिले, की ‘सेव्हन’, ‘रिव्हर’, ‘नेव्हर’, ‘फीव्हर’ अशी रांग लागते. अक्षर कुठेही चालणार असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना तारका द्याव्यात. पाच अक्षरी गुप्त शब्द ओळखण्याच्या वर्डल या खेळातही हीच रीत मनातल्या मनात चालवता येते. तिथे हिरवे झालेले अक्षर बरोबर घरात असते, ते जागेवर लिहावे, आणि पिवळे अक्षर शब्दात आहे पण त्या घरात नाही, एवढे टिपून इतर घरांत फिरवून पाहावे. खेळ चालू असताना यंत्राची मदत घेणे मला तरी पटत नाही; ती सरावापुरती ठेवावी.

सापडलेला शब्द ग्राह्य आहे की नाही, हा प्रश्न कोणता कोश प्रमाण मानायचा यावर सुटतो, आणि ते डाव सुरू होण्यापूर्वीच ठरवावे, कारण कॉलिन्स या कोशाची ग्राह्य शब्दांची यादी आणि उत्तर अमेरिकेत वापरली जाणारी यादी सारख्या नाहीत. विशेषनामे कुठेच चालत नाहीत. त्यामुळे रोमन लिपीतले ‘पुणे’ पटावर लावता येत नाही. मात्र त्यातला शेवटचा ‘ई’ काढून ‘वाय’ लावला की होणारा ‘प्यूनी’ हा शब्द चालतो. त्याचा अर्थ ‘किरकोळ’ असा होतो, हे पुणेकरांनी मनाला लावून घेऊ नये. मराठीतल्या ‘मुंगूस’वरून गेलेला ‘मंगूस’ सामान्यनाम असल्यामुळे निर्धास्तपणे लावावा.

शब्द साठवण्यासाठी वहीपेक्षा चिठ्ठ्या बऱ्या. ज्या १९४८ साली स्क्रॅबलला हे नाव मिळाले, त्याच वर्षी डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले, आणि तोही चिठ्ठ्यांवरच उभा राहिला. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून कोऱ्या कार्डांचे एक पुडके आणावे, एका कार्डावर एकच शब्द लिहावा, आणि गठ्ठा एकदा पहिल्या अक्षरावर, एकदा शेवटच्या अक्षरावर, तर कधी निव्वळ शब्दाच्या लांबीवर लावावा. लांबीवर लावताना दोन अक्षरी शब्दांत ‘व्ही’ची जागा रिकामी राहिली, तर कार्ड हरवले असे समजू नये. दोन्ही याद्यांत तसा एकही शब्द नाही.