देश काय खातो हे मोजताना या चुका टाळा

आहार सर्वेक्षणाचा अहवाल हातात आला की मी आधी एक गोष्ट शोधते: प्रत्येक माणसाच्या किती दिवसांच्या जेवणाची नोंद घेतली? उत्तर 'एक' असेल आणि पुढे 'इतक्या टक्के लोकांना पुरेसं पोषण मिळत नाही' असं छापलं असेल, तर त्या टक्क्यावर माझा विश्वास बसत नाही. मग नमुना कितीही मोठा असो.

एका दिवसाला नेहमीचा आहार समजणं

आपल्याला हवं असतं माणसाचं नेहमीचं सेवन, आणि हाती येतो फक्त कालचा दिवस. काल गाजर खाल्लं असेल तर अ जीवनसत्त्व भरपूर, आज नसेल तर जेमतेम. माणूस मात्र तोच, आणि त्याच्या यकृतातला साठा एका दिवसात संपत नाही. दिवसादिवसांतला हा चढउतार माणसामाणसांतल्या खऱ्या फरकात मिसळतो आणि आकड्यांचा पसारा दोन्ही बाजूंना फुगतो.

किती फुगतो, ते एका काल्पनिक उदाहरणात पाहा. समजा एखाद्या पोषकद्रव्याचं नेहमीचं सरासरी सेवन ८० एकक आहे, माणसामाणसांतलं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेले आहेत त्याचं माप) १२ आणि एकाच माणसाच्या दिवसादिवसांतलं २४. सरासरी गरज ६० एकक. नेहमीच्या सेवनाचा विचार केला तर साधारण ५ टक्के लोक ६०च्या खाली येतात. एकाच दिवसाच्या नोंदीवर हिशेब केला तर तेच प्रमाण २३ टक्के दिसतं. दोन दिवसांची नुसती सरासरी घेतली तरी १७ टक्के. म्हणजे 'आम्ही दोन दिवस घेतले' एवढ्यानं काम भागत नाही.

बरं, ही चूक नेहमी वाढवूनच दाखवते असंही नाही. सरासरी सेवन ५० असतं तर खरं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास निघालं असतं आणि एका दिवसाच्या नोंदीत ते ६५ टक्केच दिसलं असतं. जिथे कमतरता सगळ्यात जास्त, तिथेच ती झाकली जाते. त्यामुळे अंदाजानं काही टक्के वजा करून हिशेब जुळवता येत नाही.

उपाय सर्वेक्षण आखतानाच करायचा असतो. नमुन्यातल्या निदान काही लोकांकडे पुन्हा जायचं, लगतचा दिवस सोडून दुसऱ्या दिवसाची नोंद घ्यायची, त्यातून दिवसादिवसांतला चढउतार किती ते काढायचं आणि तेवढा पसारा सांख्यिकी पद्धतीनं आकुंचित करायचा. त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या (एनसीआय) पद्धतीसारख्या तयार पद्धती आहेत. आठवड्याचे सगळे वार आणि वर्षातले सगळे ऋतू मुलाखतींमध्ये यायला हवेत. पण दुसरी फेरी झालीच नसेल तर काय? मग सरासरी सेवन सांगा आणि कमतरतेचा टक्का छापू नका. बाहेरून उसना घेतलेला चढउताराचा आकडा वापरलाच, तर तसं स्पष्ट लिहा.

आरडीएची फूटपट्टी

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती टाळायला काहीच खर्च येत नाही. आरडीए, म्हणजे शिफारस केलेलं दैनिक सेवन, ही जवळजवळ सगळ्यांची, म्हणजे ९७ ते ९८ टक्के निरोगी लोकांची गरज भागेल अशी पातळी. तिच्या खाली असलेल्या बहुतेकांना पुरेसं मिळत असू शकतं. समूहासाठी वापरायची ती सरासरी गरज, म्हणजे ईएआर. वरच्या उदाहरणात माणसामाणसांच्या गरजेचं प्रमाण विचलन सरासरी गरजेच्या १० टक्के, म्हणजे ६, धरलं तर आरडीए त्याच्या दुपटीनं वर, ७२ येतो. एका दिवसाची नोंद आणि ७२ची रेषा एकत्र वापरा: ५ टक्क्यांचे थेट ३८ टक्के होतात. दोन्ही चुका एकाच तक्त्यात असतात, आणि बातमी ३८ची होते.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक. 'सरासरी सेवन आरडीएइतकं आहे, म्हणजे सगळं ठीक' हे वाक्य दिसलं की खोडा. कमतरता वितरणाच्या टोकाला असते, सरासरीत ती दिसत नाही.

ईएआरची सरळ रेषाही सगळीकडे चालत नाही. पाळी येणाऱ्या स्त्रियांच्या लोहाच्या गरजेचं वितरण एका बाजूला लांबलेलं असतं, म्हणजे काहींची गरज फारच जास्त असते. तिथे प्रत्येक सेवनपातळीला अपुरेपणाची संभाव्यता धरून हिशेब करावा लागतो. ऊर्जेसाठी ही पद्धत वापरूच नये, कारण ज्याची गरज जास्त तो खातोही जास्त.

मुलाखतीत निसटणारं अन्न

'काल सकाळी काय घेतलं?' 'दूध.' इथे पुढच्या ओळीवर गेलात तर नोंद वाया गेली. कोणता पेला? काठोकाठ की अर्धा? साखर घातली होती? पेल्यात काही उरलं? मागून आणखी घेतलं? पेला समोर मागवून त्यात पाणी ओतायला लावलं आणि ते मोजलं की 'एक पेला' म्हणजे किती ते खरं कळतं. म्हणून २४ तासांचा रिकॉल, म्हणजे गेल्या दिवसभरात खाल्लेलं आठवून सांगायला लावणारी मुलाखत, टप्प्याटप्प्यानं घेतात: आधी न अडवता पूर्ण यादी, मग विसरलेल्या गोष्टी, मग वेळ आणि ठिकाण, मग प्रमाण, शेवटी पुन्हा उजळणी. तेल, साखर आणि येताजाता तोंडात टाकलेलं, हे तर विचारल्याशिवाय कधीच येत नाही.

एवढं करूनही लोक कमी सांगतात. द्विचिन्हांकित पाणी पाजून शरीरानं खरंच किती ऊर्जा खर्चली ते मोजणाऱ्या चाचण्यांनी हे पुन्हा पुन्हा दाखवलं आहे, आणि वजन जास्त असलेल्यांमध्ये ही तूट सहसा मोठी असते. तपासायला सोपं आहे: गटाची नोंदलेली ऊर्जा भागिले चयापचयाचा मूळ दर, म्हणजे पूर्ण विश्रांतीतही शरीराला लागणारी ऊर्जा. बैठं काम करणाऱ्यांचा ऊर्जाखर्चही या दराच्या सुमारे १.४ पट असतो. वजन स्थिर असलेल्या गटाचं उत्तर १.१ येत असेल, तर तुम्हाला सापडलेल्या कमतरतेचा काही भाग न सांगितलेल्या अन्नाचा आहे. पण कमी ऊर्जेच्या नोंदी सरसकट उडवू नका. एखाद्या दिवशी माणूस खरंच कमी खातो.

तक्त्यातली रिकामी चौकट

अन्नघटक तक्त्यात रिकामी चौकट म्हणजे 'मोजलं नाही'. संगणक तिला शून्य धरतो. एका फाइलमध्ये अंड्याच्या बी-१२ समोर मी असंच शून्य पाहिलं आणि आख्ख्या गटाची कमतरता तिथेच तयार झालेली होती. तसंच कच्च्या आणि शिजलेल्याचं: १०० ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ३५० किलोकॅलरी, तेवढ्याच वजनाच्या भातात सुमारे १३०. अ जीवनसत्त्वाचं एककही पाहा. जुन्या पद्धतीत ६ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन एक एकक धरतात, नव्या पद्धतीत १२. सेवन एकात आणि गरज दुसऱ्यात असेल, तर भाज्यांतून मिळणारं अ जीवनसत्त्व दुप्पट दिसतं किंवा निम्मं.

रक्तलघवीच्या तपासण्या

अन्न ताळेबंदातून (देशातलं उत्पादन, आयात, निर्यात यांच्या हिशेबातून) कळतो तो देशातला पुरवठा, कुणाच्या ताटात किती पडलं ते नाही. म्हणून रक्तलघवीची जोड हवी, पण तीही जपून. शरीरात दाह असेल तर रक्तातलं फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) वाढतं आणि लोहाची कमतरता लपते, म्हणून त्याच नमुन्यात सीआरपी आणि एजीपी ही दाह दाखवणारी प्रथिनंही मोजा. आयोडीनसाठी लघवीतली लिटरला १०० मायक्रोग्रॅमची पातळी समूहाच्या मध्यकासाठी (सगळे आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यासाठी) आहे. तिच्या खाली आलेले नमुने मोजून 'इतक्यांना कमतरता' म्हणता येत नाही, कारण एकाच माणसाचा आकडा सकाळ-संध्याकाळही बदलतो. टक्का हवाच असेल तर इथेही काही जणांचा दुसऱ्या दिवशीचा नमुना लागतो, आणि त्याच्या बाटल्या पहिल्या फेरीआधीच मोजून ठेवाव्या लागतात.