टीआय-८४ वर आयतालेख: गुळाच्या रव्यांची वजनं घेऊन

ग्राफिंग कॅल्क्युलेटर आयतालेख (हिस्टोग्राम) काढून देतो, पण वर्ग, म्हणजे आकड्यांचे टप्पे, कुठून सुरू करायचे आणि किती रुंद ठेवायचे हे त्याला आपणच सांगावं लागतं. ते सांगितलं नाही तर तो मनाने काहीतरी ठरवतो, आणि बहुतेकांचा आलेख बिघडतो तो इथेच. इथली कृती टीआय-८४ प्लस या ग्राफिंग कॅल्क्युलेटरची आहे.

उदाहरण कोल्हापूरचंच घेऊ. शाहू मार्केट यार्डात गुळाचे ३० किलोचे रवे, म्हणजे साच्यातल्या ढेपा, येतात. पाक साच्यात ओतताना थोडा कमीजास्त पडतोच, त्यामुळे प्रत्येक रवा बरोबर ३० भरत नाही. सरावासाठी बनवलेली ही २० रव्यांची वजनं, किलोत:

२८.६, २९.१, २९.४, २९.५, २९.७, २९.८, २९.९, ३०.०, ३०.०, ३०.१, ३०.१, ३०.२, ३०.३, ३०.४, ३०.५, ३०.६, ३०.८, ३१.०, ३१.२, ३१.७

खरे रवे मोजणार असाल तर सगळे एकाच काट्यावर आणि एकाच दिवशी मोजा. गूळ दमट हवेत पाणी धरतो, मग आलेखात गुऱ्हाळाचा फरक दिसतोय की हवेचा, हे कळत नाही.

आधी 'स्टॅट' दाबून १ नंबरचं 'एडिट' उघडा. एल१ मध्ये, म्हणजे यादीच्या पहिल्या रकान्यात, जुने आकडे असतील तर बाणाने अगदी वर, एल१ या नावावर जा, 'क्लिअर' आणि मग 'एंटर' दाबा. तिथे 'डेल' दाबू नका, त्याने अख्खा रकानाच गायब होतो. झालाच गायब, तर 'स्टॅट', मग ५ नंबरचं 'सेटअपएडिटर' आणि 'एंटर'. रकाना परत येतो. आता एकेक वजन टाकून 'एंटर' दाबत जा. चढता क्रम लागत नाही. शेवटी रकान्यात २० आकडे आहेत ना, एवढं पाहा.

'वाय=' बटण दाबून तिथे एखादं जुनं समीकरण असेल तर पुसून टाका, नाहीतर त्याची रेघ आयतांवरून जाते. मग 'सेकंड' आणि 'वाय=' दाबून 'स्टॅट प्लॉट' उघडा आणि प्लॉट१ 'ऑन' करा. प्रकारांमधलं तिसरं चित्र आयतालेखाचं. 'एक्सलिस्ट' (आकड्यांची यादी) एल१, 'फ्रीक' (वारंवारता, म्हणजे प्रत्येक आकडा किती वेळा मोजायचा) १. या 'फ्रीक'च्या जागी १ दाबल्यावर वाय हे अक्षर उमटतं, कारण तिथे कर्सर अक्षरांवर लागलेला असतो. आधी 'अल्फा' दाबा, मग १. बाकीचे प्लॉट बंद ठेवा. रिकाम्या यादीचा प्लॉट चालू राहिला तरी आलेखाऐवजी एरर येते.

इथे बरेच जण 'झूम' ९ दाबतात. चित्र लगेच येतं, पण वर्गांच्या मर्यादा बहुधा अशा तुटक दशांशांत येतात की कागदावर मांडताच येत नाहीत. त्यापेक्षा 'विंडो' उघडून हे भरा:

एक्समिन २८.५, एक्समॅक्स ३२, एक्सस्केल ०.५
वायमिन −२, वायमॅक्स ९, वायस्केल १

एरवी एक्सस्केल म्हणजे अक्षावरच्या खुणांमधलं अंतर. आयतालेखात मात्र तीच वर्गाची रुंदी असते. वायमिन उणे ठेवायचं कारण, खाली मजकूर येतो तो आयतांवर चढू नये. आता 'ग्राफ' दाबा. पुन्हा 'झूम' ९ दाबलंत तर भरलेलं सगळं पुसलं जाईल.

'ट्रेस' दाबून उजव्या बाणाने सरका. प्रत्येक आयताची खालची मर्यादा, वरची मर्यादा आणि वारंवारता दिसते: १, २, ४, ७, ३, २, १. बेरीज २० आली पाहिजे. कमी आली तर एखादं वजन चौकटीबाहेर राहिलंय. म्हणून एक्समॅक्स सर्वात मोठ्या आकड्याच्या पुढे ठेवायचं, बरोबर त्याच्यावर नाही.

वरच्या मर्यादेपुढे 'पेक्षा लहान' असं चिन्ह असतं, तिकडे लक्ष द्या. ३०.० चे दोन्ही रवे २९.५–३० मध्ये नाहीत, ३०–३०.५ मध्ये मोजले गेलेत. दहावीला सलग वर्गांत वरची मर्यादा पुढच्या वर्गात धरतात, तोच हा नियम. वहीतलं उत्तर आणि कॅल्क्युलेटरचं उत्तर जुळत नसेल तर आधी सीमेवरचे आकडे तपासा.

रुंदी बदलून जरूर पाहा. एक्समिन २८, एक्सस्केल १ आणि वायमॅक्स ११ केलं की १, ६, १०, ३ असे चारच आयत उरतात आणि मधला उंचवटा कुठे आहे ते ढोबळच कळतं. उलट २८.५ ते ३२ मध्ये ०.०५ ठेवलंत तर ७० वर्ग होतात आणि 'स्टॅट' एरर येते. ४७ च्या वर वर्ग हे यंत्र घेत नाही. २० आकड्यांना पाच ते आठ वर्ग पुरेत.

वारंवारता सारणी तयारच असेल तर वर्गमध्य एल३ मध्ये (२८.७५, २९.२५ असे ३१.७५ पर्यंत) आणि वारंवारता एल४ मध्ये भरा. 'एक्सलिस्ट' एल३, 'फ्रीक' एल४, विंडो पहिल्यांदा भरलेलीच. वर्गमध्याऐवजी वरची मर्यादा भरलीत तर प्रत्येक आयत एक घर उजवीकडे सरकतो. दोन्ही याद्यांची लांबी सारखी हवी, नाहीतर 'डिम मिसमॅच' येतं. वर्ग असमान रुंदीचे असतील तर मात्र कागदच बरा, हे यंत्र सगळे आयत एकाच रुंदीचे काढतं.

दोन गुऱ्हाळांचे रवे ताडून पाहायचे असतील तर दुसऱ्याची तितकीच वजनं एल२ मध्ये आणि प्लॉट२ वर घ्या. दोन्ही एकदम चालू ठेवले तर आयत एकमेकांवर चढतात. एक बंद करून दुसरा लावा आणि विंडोला हात लावू नका.