साग घेतला तरी काम बिघडतं? या चुका टाळा

सागाला वाळवी लागत नाही, असं सगळेच सांगतात. मग सागवानी चौकटीच्या एकाच कडेतून भुसा का पडतो? निरखून पाहा: पोखरलेला भाग बहुधा फिकट, पिवळसर-पांढरा असतो. लाकूड सागाचंच असतं, पण सालीलगतचं. कीड आणि बुरशी दूर ठेवणारी टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात ती सोनेरी-तपकिरी गाभ्यात. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात ती नसल्यातच जमा. मुंबईच्या गोदीत मलबारी सागापासून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगते आहे. ती कीर्ती गाभ्याची. कोवळ्या झाडात पांढरा भाग जास्त निघतो आणि गाभाही तितका टिकाऊ नसतो. त्यामुळे ‘साग आहे ना?’ एवढंच विचारून थांबू नका. फळीच्या चारही कडा पाहा. ओल लागणाऱ्या जागी पांढरी कड सरळ कापून टाका.

दुसरी चूक घाईची. साग हळू वाळतो. वरून कोरडी दिसणारी जाड फळी आतून ओली असू शकते, म्हणून मॉइश्चर मीटर (ओलावा मोजणारं यंत्र) ताज्या कापलेल्या टोकाला लावून बघा. घरातल्या फर्निचरसाठी साधारण ८ ते १२ टक्के ओलावा चालतो. साग कमी आक्रसतो हे खरं, पण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत अडीच ते पाच टक्के फरक पडतोच. दाराचं पॅनेल खाचेत गच्च चिकटवलं, की ते फुगतं किंवा तडकतं. खाचेत थोडी जागा सोडा आणि पॅनेलला गोंद लावूच नका.

आता सगळ्यात जास्त तक्रारी ज्याच्या येतात ते: जोड सुटतो, पॉलिश चिकट राहतं. दोन्हीचं मूळ एकच, लाकडातलं नैसर्गिक तेल. जे लाकडाला टिकवतं, तेच गोंदाला धरू देत नाही आणि काही तैलयुक्त व्हार्निशांना वाळू देत नाही. अशा वेळी माणसं गोंद वाढवतात किंवा चिकट थरावर आणखी एक हात मारतात. काही उपयोग होत नाही. जोडायचा पृष्ठभाग ताजा रंधून घ्या, ॲसिटोनच्या फडक्याने पुसा आणि ते उडून जाताच गोंद लावा. पुसून दुसऱ्या दिवसावर टाकलंत, तर तेल पुन्हा वर येतं. उघड्यावरच्या कामाला एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) बरं. पॉलिश चिकट झालं असेल तर थर खरवडून काढा, तसंच पुसा आणि आधी मेणविरहित शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात द्या. ॲसिटोन पटकन पेट घेतं. खिडक्या उघड्या हव्यात, जवळ ज्योत नको.

नुकत्या रंधलेल्या सागावर हिरवट-काळपट पट्टे दिसले म्हणून लगेच स्टेन (लाकडाला रंगछटा देणारं द्रव) लावणं हीही घाईच. उजेडात ठेवलं की काही आठवड्यांत रंग बराच एकसारखा होतो. स्टेन लावलाच, तर खालचं लाकूड पुढे बदलत राहतं आणि जुळवलेला रंग फसतो.

पाती लवकर बोथट होतात ती लाकडातल्या सिलिकामुळे. कार्बाइडची पाती वापरा. भुशाने कातडीला खाज सुटू शकते, मास्कही हवाच.

बाहेरच्या बाकांवर ‘टीक ऑइल’ ओतणं मला तरी निरर्थक वाटतं. नाव काहीही असो, ते सागातून काढलेलं नसतं. बहुतेकदा जवसाचं किंवा टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल असतं आणि दमट हवेत त्यावर बुरशी धरते. प्रेशर वॉशर तर नकोच: लाकडाच्या रेषांमधला मऊ भाग धुऊन जातो आणि फळी खरबरीत होते. मऊ ब्रश, सौम्य साबण, घासणं रेषांना आडवं. उन्हापावसाने चढणारा करडा रंग नकोच असेल, तर हलक्या सँडिंगने खालचा सोनेरी रंग परत दिसतो. पण हे दर वर्षी करू नका, फळी पातळ होत जाते.