पुढच्या सस्पेन्शनची खडखड अशी गेली

एसयूव्हीला पुढून खडखड यायची, नाशिकला त्र्यंबक रोडच्या खड्ड्यांत तर पार स्टिअरिंगपर्यंत जाणवायची. सर्व्हिस सेंटरवाले म्हणे दोन्ही शॉकअप (गाडीचं डुलणं आवरणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदला, मला पटेना, कारण बोनेट जोरात दाबून सोडलं की गाडी एकदाच वर येऊन थांबायची, शॉकअप गेला असता तर डुलत राहिली असती ना! अंबडच्या मेकॅनिकने लोअर आर्मला (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा) टॉमी, म्हणजे लोखंडी पहार लावून हलवलं आणि त्याच्या जोडातल्या बुशचं फाटलेलं रबर लगेच दिसलं. दोन्ही बाजूंचे बुश बदलले, पण बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच फायनल टाईट करून घेतले, हे फार महत्त्वाचं आहे मित्रांनो, जॅकवर हवेत आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं न् नवा बुशही लवकर फाटतो. मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केली, टायर आतून झिजत होता तेही थांबलं.